सिकलसेलला जात नसते, जातीने तो साठवून ठेवला

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तीन वर्षांत तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असे उद्दिष्ट जाहीर झाले. तपासणीची मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची. जुलै २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या होत्या. त्यांत दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक सापडले.

आकडे मोठे आहेत. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांना आम्ही एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. आपण सिकलसेलचे वाहक आहोत की नाही, हे तुमच्या वस्तीतल्या, तुमच्या विहारात येणाऱ्या किती जणांना माहीत आहे? या प्रश्नावर सहसा दोन उत्तरे मिळतात. एक, हा विदर्भातला आजार आहे. दुसरे, हा आदिवासींचा आजार आहे. दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत आणि अर्धे खरे असल्यामुळेच ती जास्त नुकसान करतात.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांच्यातले हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवते. हे हिमोग्लोबिन कसे बनवायचे याची एक सूचना अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात लिहिलेली असते. सिकलसेलमध्ये या लांबलचक सूचनेतले फक्त एक अक्षर बदलते. जीएजी असायला हवे तिथे जीटीजी येते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसते. बदल एवढाच. पण प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कांड्या बनतात, पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी जेमतेम दहा ते वीस दिवस टिकते. त्यामुळे रक्त कायम कमी. शिवाय वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्तच मिळत नाही. तिथून सुरू होतात त्या वेदना. हाडांत, पाठीत, छातीत, पोटात. लहान बाळाचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे होतात, प्लीहा निकामी होत जाते आणि साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो.

१९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे पहिले वर्णन छापले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचे दाखवले आणि १९५६ च्या सुमारास व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका बदल कुठे आहे ते शोधले. एखाद्या आजाराचे मूळ रेणूपर्यंत जाऊन सापडण्याची ती पहिली वेळ. म्हणजे विज्ञानाला हा आजार पाऊणशे वर्षांपासून आतून-बाहेरून ठाऊक आहे. तरीही आपल्याकडे त्याची मुले पाच वर्षांच्या आत दगावतात आणि घरच्यांना निदानही माहीत नसते. हा विज्ञानाचा प्रश्न उरलेला नाही.

भारतात या आजाराचा पहिला शोध १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरी जमातींत लागला. महाराष्ट्रात मात्र त्याची नोंद वेगळ्या समाजात झाली. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलबद्दल लिहिले, आणि त्यात महार समाजात या जनुकाचे प्रमाण मोठे असल्याचे दिसले. तारीख लक्षात घ्या. दोनच वर्षांपूर्वी त्याच नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला होता. ज्या पिढीने धर्म बदलला, त्याच पिढीच्या रक्तात ही गोष्ट नोंदली जात होती. मग आजच्या सरकारी भाषेत हा आजार फक्त 'आदिवासी' कसा झाला? २०२३-२४ च्या अर्थसंकल्पीय भाषणात तपासणीची घोषणा झाली ती 'बाधित आदिवासी भागांसाठी'. आदिवासी भागांना अग्रक्रम मिळायलाच हवा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा येथील बौद्ध वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या हा आजार आहे. कुणबी, तेली समाजांतही तो आहे. या सगळ्या रुग्णांची दखल आदिवासी या एका शब्दात मावत नाही.

यात एका नावाचा उल्लेख करायलाच हवा. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांना आणि त्यांच्या आईवडिलांना संघटित केले. २०१८ मध्ये त्यांच्या कामाचा पद्मश्रीने गौरव झाला. अपंगत्वाच्या कायद्यात हा आजार यावा यासाठी अशा रुग्ण-संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावला. जयंतीच्या बॅनरवर अशा कार्यकर्त्यांचे छायाचित्र कधी दिसत नाही, हे जाता जाता.

आता जातीचा प्रश्न. एखाद्या समाजात आजाराचे जनुक जास्त आहे असे म्हटले की लगेच 'त्यांचे रक्तच तसे' अशी कुजबुज सुरू होते. विज्ञान उलट सांगते. १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की, ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत आहे त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. म्हणून जिथे हजारो वर्षे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले आणि वाढले. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी, आणि आपल्याकडे सातपुड्यात, गोंडवनात. जनुकाने डास पाहिला, जात पाहिली नाही.

बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाची मापे आणि वंशशास्त्राची आकडेवारी तपासून अस्पृश्य हा वेगळा वंश असल्याचा सिद्धान्त मोडून काढला होता. पण त्याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्यांनी जातीचे मर्म सांगितले होते: जातीतच लग्न करण्याचे बंधन. सिकलसेल समजून घेताना हा निबंध पुन्हा वाचावा असे आम्हाला वाटते. कारण मलेरियाने जनुक वाढवले असेल, पण ते त्याच त्याच गटांत फिरत ठेवले ते जातिबंद लग्नांनी. दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता जितकी जास्त, तितकी रुग्ण बाळे जास्त. पोटजाती मोडा, असे आपण पन्नास वर्षे भाषणात सांगतो. त्याला एक रक्तातले कारणही आहे.

मात्र इथे घाईने 'आंतरजातीय लग्न केले की सुटलो' असा निष्कर्ष कोणी काढू नये. वाहक कोणत्याही समाजात असू शकतो. आणि फक्त सिकलसेलचाच नव्हे. त्याच बीटा ग्लोबिन जनुकात दुसरे बदलही होतात आणि त्यांतून बीटा थॅलेसेमिया होतो. भारतात थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा बदल आयव्हीएस १-५ या नावाने ओळखला जातो. एका जोडीदाराकडे सिकलसेलचा बदल आणि दुसऱ्याकडे थॅलेसेमियाचा, असे झाले तरी मूल आजारी जन्मू शकते. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत, पण इतरत्रही आहेतच. म्हणून जातीबाहेर लग्न असो वा जातीत, तपासणीला पर्याय नाही.

हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवा. एका प्रतीवर बदल असेल तर तो वाहक, विदर्भात ज्याला 'एएस' म्हणतात. तो आजारी नसतो. तो शिकू शकतो, शेती करू शकतो, लग्न करू शकतो, दीर्घायुषी होऊ शकतो. दोन्ही प्रतींवर बदल असेल तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळे असण्याची २५ टक्के. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील' असा याचा अर्थ नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो.

जुन्नर-आंबेगावचा प्रश्न इथे सुरू होतो. पुण्याच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. एस. एल. काटे यांनी राज्यभरच्या आदिवासींमध्ये या जनुकाचा दीर्घकाळ अभ्यास केला. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या जमातींत प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत, आणि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार या जिल्ह्यांवर रुग्णांचा सर्वाधिक भार, असे चित्र त्यातून पुढे आले. सह्याद्रीच्या महादेव कोळी, ठाकर समाजांत प्रमाण बरेच कमी. तेव्हा पुणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांना सिकलसेलचा पट्टा म्हणणे चुकीचे ठरेल. आम्ही तसे म्हणतही नाही.

पण नकाशा जिल्ह्यांचा असतो आणि माणसे चालती असतात. नारायणगावच्या टोमॅटोला, कांदा काढणीला, वीटभट्ट्यांना मजूर कुठून येतात ते या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. शेजारच्या खेड तालुक्यात चाकणच्या कारखान्यांत विदर्भ-मराठवाड्यातून आलेली हजारो तरुण मुले काम करतात. त्यांत आपल्या समाजाची मुले कमी नाहीत. ती इथल्याच वस्त्यांत खोल्या घेतात, इथल्याच विहारात येतात आणि इथल्याच घरांशी सोयरीक करतात. सातवाहन काळात नाणेघाटातून व्यापारी, श्रेणी आणि यवनसुद्धा जुन्नरला आले आणि लेण्यांना दाने देऊन गेले. त्यांची नावे शिलालेखांत आहेत. लेणी अभ्यासाला येणारे आपले तरुण ती ब्राह्मी अक्षरे वाचतात. जुन्नर कधीच बंदिस्त गाव नव्हते आणि आजही नाही. त्यामुळे आमच्या भागात हा आजार नाही, असे गृहीत धरणारी यंत्रणा नेमक्या अशा स्थलांतरित रुग्णाला ओळखण्यात कमी पडते.

कमी प्रमाणाच्या भागात रुग्ण असणे हे एका अर्थी जास्त धोक्याचे. गडचिरोलीतला डॉक्टर हातपाय दुखणाऱ्या, डोळे पिवळे झालेल्या मुलाकडे पाहून सिकलसेलचा विचार करतो. इथे तोच मुलगा कावीळ म्हणून झाडपाल्याला जाईल, अंगदुखी म्हणून सलाईन आणि वेदनाशामक इंजेक्शन घेईल, किंवा कामचुकार ठरेल. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, ताप आणि अति श्रम यांमुळे वेदनेचा झटका येतो. पश्चिम पट्ट्यात पावसात दिवसभर भातखाचरात उभे राहून लावणी करणे, किंवा एप्रिलच्या उन्हात भट्टीवर विटा वाहणे, यांत हे सगळे एकत्र येते. 'नाटक करतोय' हे वाक्य अशा रुग्णाने किती वेळा ऐकले असेल, याची कल्पना करावी.

मग तपासणी कोणती? शिबिरात बहुधा विद्राव्यता चाचणी होते, जिला सोल्युबिलिटी म्हणतात. ती स्वस्त आहे, काही मिनिटांत होते. पण ती फक्त एवढेच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. थॅलेसेमियाचा वाहक तर ती साफ सोडून देते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर तिचा भरवसा धरता येत नाही, कारण त्या वयात रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते. नक्की उत्तर मिळते ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीने. तेव्हा शिबिरात 'निगेटिव्ह' चिठ्ठी मिळाली म्हणून सगळे मोकळे झाले असे समजू नये, आणि 'पॉझिटिव्ह' आले म्हणून घरात रडारडही करू नये. पुढची चाचणी कुठे आणि कधी होणार, हे शिबिर घेणाऱ्याने तिथेच लिहून द्यायला हवे. विहारात असे शिबिर घेणाऱ्या मंडळांनी ही अट आधीच घालावी. नुसते रक्त घेऊन फोटो काढणारी शिबिरे आपल्याकडे खूप झाली.

तपासणीनंतर मिळणारे जनुकीय कार्ड हा नाजूक विषय आहे. दोन वाहकांनी लग्नाआधी एकमेकांची स्थिती जाणून घ्यावी, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण आपल्या समाजात स्थळ कोण नाकारतो आणि ते कोणाचे नाकारले जाते, हे सांगायची गरज नाही. मुलगा वाहक असेल तर गोष्ट झाकली जाते, मुलगी वाहक असेल तर ती गावभर होते. जिने काहीच चूक केलेली नाही, जी आजारीही नाही, तिच्यावर एका अक्षराचा शिक्का बसतो. शिवाशिवीविरुद्ध लढलेल्या समाजात ही नवी शिवाशिव उभी राहत असेल तर विहाराने गप्प बसू नये. कार्ड ज्याचे त्याचे खासगी असते. त्याची यादी विहाराच्या फलकावर किंवा व्हॉट्सॲप गटावर येता कामा नये. आणि दोघे वाहक असूनही लग्न करू इच्छित असतील, तर तो त्यांचा अधिकार आहे. गर्भावस्थेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. मुंबईत आयसीएमआरची राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे आणि या आजारांच्या निदानात तिचे काम मोठे आहे. पुढचा निर्णय त्या बाईचा आणि तिच्या जोडीदाराचा. 'निर्मूलन' या शब्दाचा अर्थ आजार संपवणे हवा, रुग्णाला जन्माची लाज वाटायला लावणे नव्हे.

ज्यांचा जन्म झाला आहे त्यांचे काय? अभियानाच्या चर्चेत आम्हाला हीच बाजू सर्वात अशक्त वाटते. तपासणीचे आकडे दर महिन्याला येतात, उपचारांचे तेवढ्या ठळकपणे येत नाहीत. खरे तर उपचार फार महाग नाहीत. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध शरीरातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांवर कमी मात्रेत, किलोमागे १० मिलिग्रॅम, हे औषध वापरून पाहिले आणि वेदनेचे झटके लक्षणीय कमी झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या शहरात दीक्षा घेतली गेली त्याच शहराने उपायाचा पुरावाही दिला. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, आणि झटका आला तर वेळेत वेदनाशमन. एवढ्यावर अनेक मुले मोठी होतात. पण हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यावे लागते आणि त्यासोबत रक्ततपासण्या कराव्या लागतात. ते घोडेगाव किंवा जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात, मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात नियमित मिळाले तरच मजुराचे मूल ते घेऊ शकेल. दर महिन्याला रोजगार बुडवून पुण्याला ससूनला जाणे त्याला परवडणारे नाही.

कायद्याची बाजूही माहीत हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे दिव्यांगत्वात धरले आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत, म्हणजे कलम ३४ मध्ये, रक्ताचे आजार घातलेलेच नाहीत. शिकायला जागा, पण नोकरीला नाही. आरक्षणाच्या प्रत्येक मुद्द्यावर रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या संघटनांच्या निवेदनांत कलम ३४ चा उल्लेख आम्हाला क्वचितच दिसला. हा मुद्दा बौद्ध आणि आदिवासी संघटनांनी मिळून उचलण्यासारखा आहे.

आणि मग ती बातमी, जी सगळ्यांनी मोठ्या अक्षरात छापली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने जनुक-संपादनावर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने विकसित केलेल्या स्वदेशी उपचाराची घोषणा झाली, बिरसा मुंडा यांच्या नावाने, 'बिरसा १०१'. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. अजून त्याला रुग्णांवरच्या चाचण्यांतून जायचे आहे, आणि स्वस्त म्हणजे नेमके किती हे तेव्हाच कळेल. पण हडपसरपासून घोडेगाव शंभर किलोमीटरच्या आत आहे. उद्याचे औषध एवढ्या जवळ बनणार असेल, तर आजची कॅप्सूल घोडेगावला का मिळू नये?

हे विचारायला आंदोलनाची परवानगी लागत नाही. माहिती अधिकाराचा एक अर्ज जुन्नर आणि आंबेगावच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येईल: गेल्या तीन वर्षांत तालुक्यात सिकलसेलच्या किती तपासण्या झाल्या, त्यांतील किती जणांची एचपीएलसी झाली, किती रुग्ण औषधावर आहेत आणि हायड्रॉक्सियुरियाचा साठा कोणत्या रुग्णालयात किती आहे. दुसरा अर्ज घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, आश्रमशाळा आणि वसतिगृहांतील मुलांच्या तपासणीबद्दल. अर्ज मराठीत, दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटासह. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. जे तरुण हे अर्ज करतील त्यांनी मिळालेली उत्तरे आम्हाला पाठवावीत, रुग्णांची नावे असतील तर ती खोडून. आम्ही ती छापू.